मॉरोविंडमध्ये वार का चुकतो, वाट का चुकते: पहिल्या दहा तासांसाठी

मॉरोविंडबद्दल खेळणाऱ्यांना विचारलं तर मतं दोन टोकांची मिळतात. एक गट म्हणतो, असा गेम पुन्हा झाला नाही. दुसरा म्हणतो, "उंदरावर तलवार चालवून हात दुखले, एक वार लागेना, शेवटी अनइन्स्टॉल केला." दुसऱ्या गटाचं म्हणणं उगाच नाही. बेथेस्डा कंपनीचा हा पात्र घडवून खेळायचा गेम (आरपीजी) २००२ सालचा. त्या काळी गेमच्या डब्यात छापील पुस्तिका यायची आणि नियम त्या पुस्तिकेत असायचे. आज डाउनलोड करून थेट सुरू करणाऱ्याच्या हातात ती पडतच नाही. मग माणूस तीन ठिकाणी अडतो: वार लागत नाही, चाल संथ वाटते आणि जायचं कुठे ते कळत नाही. तिन्हीची कारणं ठरलेली आहेत आणि तिन्हीवर इलाज आहे. इलाज करून दहा तास खेळा, मग आवडला की नाही ते ठरवा. तेवढी संधी या गेमला मिळायलाच हवी.

पुढची माहिती सातारा, कोरेगाव, कऱ्हाडकडे सर्रास दिसणाऱ्या साध्या लॅपटॉपला धरून लिहिली आहे: वेगळं ग्राफिक कार्ड नाही, इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, आणि पावसाळ्यात लाईटीचा भरवसा नाही.

आधी बसवून घ्या

स्टीमवर किंवा जीओजीवर "गेम ऑफ द इयर" आवृत्तीच घ्या. तिच्यात मूळ गेमसोबत ट्रायब्युनल (२००२) आणि ब्लडमून (२००३) हे दोन्ही विस्तार येतात. स्टीमवर यूपीआयने पैसे भरता येतात, आणि सेलमध्ये हा गेम बराच स्वस्त होतो, तेव्हा घाई नसेल तर थांबा. आजच्या गेमच्या मानाने डाउनलोड अगदी लहान आहे, हॉटस्पॉटवर सहज होतं.

मूळ इंजिन आजच्या विंडोजवर चालतं, पण कुरकुरत चालतं. म्हणून ओपनएमडब्ल्यू घ्या. हे त्याच गेमसाठी लोकांनी नव्याने लिहिलेलं मोफत इंजिन आहे. गेमच्या फाइल तुम्ही विकत घेतलेल्याच लागतात, फक्त त्या चालवणारा प्रोग्रॅम बदलतो. आधी मूळ गेम उतरवा. मग ओपनएमडब्ल्यू बसवा आणि त्याचा इन्स्टॉलेशन विझार्ड चालवा. तो गेम कुठे आहे ते शोधतो. सापडला नाही तर "डेटा फाइल्स" फोल्डरमधली मॉरोविंड डॉट ईएसएम ही फाइल त्याला दाखवा. पुढे लाँचरमध्ये मॉरोविंड, ट्रायब्युनल, ब्लडमून या तीन फाइलींवर याच क्रमाने खूण आहे ना, ते बघा. इथे खूण करायची राहिली तर विस्तार दिसत नाहीत, आणि मॉरोविंडवरचीच राहिली तर गेम सुरूच होत नाही.

फुल एचडी पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. लाँचरच्या इंटरफेस सेटिंगमध्ये जीयूआय स्केल १.२५ किंवा १.५ करा. हा गेम मुख्यतः वाचायचा आहे, डोळे ताणून वाचलं तर तासाभरात कंटाळा येणारच. गेम अडखळत असेल तर आधी सावल्या बंद करा, मग पाण्याचा शेडर, आणि सगळ्यात शेवटी दृष्टीचं अंतर कमी करा. अंतर फार कमी केलं तर खुणेचा डोंगर धुक्यात जातो आणि वाट शोधणं अवघड होतं.

ज्यांना मूळ इंजिनच वापरायचं आहे त्यांनी गेम "प्रोग्रॅम फाइल्स"मध्ये टाकू नये. विंडोज तिथे लिहायला अडवतं, मग सेटिंग टिकत नाहीत आणि मॉड (लोकांनी गेममध्ये केलेले बदल आणि भर) बसवूनही दिसत नाहीत. सी ड्राइव्हवर "गेम्स" नावाचं वेगळं फोल्डर करून त्यात टाका. आणि इंजिन कोणतं ते सुरुवातीलाच ठरवा, कारण एकाचे सेव्ह दुसऱ्यात चालतील असं धरून चालता येत नाही.

पात्र बनवताना

"वार लागत नाही" ही तक्रार इथेच जन्माला येते. नवखा खेळाडू एका स्किलवर भर देतो आणि हातात दुसरंच शस्त्र घेऊन फिरतो.

पात्र बनवताना पाच मुख्य (मेजर) आणि पाच दुय्यम (मायनर) स्किल निवडायचे असतात. मेजर स्किल ३० पासून सुरू होतात, मायनर १५ पासून आणि उरलेले सगळे ५ पासून. त्यावर तुमच्या स्पेशलायझेशनमधल्या स्किलना आणखी ५, आणि वंशाचा बोनस वेगळा. उदाहरणार्थ रेडगार्ड घेतला, स्पेशलायझेशन कॉम्बॅट ठेवलं आणि लाँग ब्लेड मेजरमध्ये टाकलं, की ३० अधिक ५ अधिक वंशाचे १५, म्हणजे पहिल्या मिनिटालाच लाँग ब्लेड ५०. हाच माणूस वाटेत सापडलेला खंजीर घेऊन लढायला गेला तर शॉर्ट ब्लेड त्याच्याकडे १० असतं. माणूस तोच, पण लढाईत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पहिल्या खेपेला हाच रेडगार्ड घ्या असं आमचं स्पष्ट मत आहे. मेजरमध्ये लाँग ब्लेड, हेवी आर्मर, ब्लॉक, आर्मरर, अ‍ॅथलेटिक्स. मायनरमध्ये रिस्टोरेशन, अल्केमी, मिस्टिसिझम, सिक्युरिटी, स्पीचक्राफ्ट. आवडीचे दोन गुण ताकद आणि एन्ड्युरन्स (तग धरण्याची शक्ती). एवढी जुळवाजुळव नको असेल तर तयार यादीतला "वॉरियर" वर्गही चालतो, लाँग ब्लेड त्यातही मेजरच आहे.

एन्ड्युरन्सबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. प्रत्येक लेव्हलला तुमचं आरोग्य एन्ड्युरन्सच्या दहाव्या भागाने वाढतं, आणि ते मागच्या लेव्हलना लागू होत नाही. दहाव्या लेव्हलला एन्ड्युरन्स वाढवला तर आधीच्या नऊ लेव्हलचं नुकसान भरून निघत नाही. म्हणून सुरुवातीच्या प्रत्येक लेव्हलला एक वाढ एन्ड्युरन्सलाच द्या. बाकी गुणांना दर वेळी पाचपट वाढ मिळावी म्हणून कोणतं स्किल किती वाढलं याची वही ठेवणारे लोक आहेत. त्यांना त्यात मजा येत असेल, पण नवख्याने त्या फंदात पडू नये. गेम त्यावाचून व्यवस्थित पुरा होतो.

जन्मराशींमध्ये वॉरियर घ्या. तिचे १० गुण वार लागण्याच्या शक्यतेत सरळ मिळतात. अ‍ॅट्रोनाक राशीचं वर्णन वाचून मोह होतो, कारण जादूचा साठा भरपूर मिळतो. पण त्या राशीत झोपूनही जादू परत भरत नाही. पहिल्या खेळाला ती नकोच.

वार लागण्याचा हिशोब

पडद्यावर तलवार उंदराच्या अंगातून आरपार जाते आणि काहीच होत नाही. २००६ च्या ऑब्लिव्हियनपासून पुढच्या गेममध्ये तलवार टेकली की लागलीच. इथे मात्र प्रत्येक वाराला आत फासा पडतो आणि चित्र फक्त हालचाल दाखवतं. हिशोब असा: शस्त्राचं स्किल, अधिक चपळाईचा पाचवा भाग, अधिक नशिबाचा दहावा भाग. या बेरजेला दमाने गुणायचं. दमाची हिरवी पट्टी पूर्ण भरलेली असेल तर १.२५ ने, पूर्ण संपलेली असेल तर ०.७५ ने. आलेल्या आकड्यातून समोरच्याची चुकवण्याची ताकद वजा करायची. ती त्याच्या चपळाईचा पाचवा भाग अधिक नशिबाचा दहावा, गुणिले त्याचा दम.

आता आकडे घालून बघू. तुमची आणि समोरच्याची चपळाई ४०, नशीब ४०, त्याचा दम पूर्ण. त्याच्या बाजूने १५ वजा होतात. तुमचं स्किल ५० आणि दम भरलेला असेल तर ६२ गुणिले १.२५, म्हणजे ७७.५, वजा १५: शंभरातले साधारण ६२ वार लागतात. तोच माणूस धावत धावत, हिरवी पट्टी संपवून भिडला तर ४६.५ वजा १५, म्हणजे ३१. निम्मे वार नुसत्या दमापायी गेले. आणि स्किल ५ असेल तर दम भरलेला असूनही शंभरातले ६ लागतात. दम संपलेला असेल तर हिशोब शून्याच्या खाली जातो. उंदीर मरेना तो यामुळे.

यावरून तीन सवयी लावून घ्या. शत्रू दिसला की धावणं थांबवा. कॅप्स लॉकने धाव-चाल बदलते; चालताना हिरवी पट्टी परत भरायला लागते. उड्या मारत जाऊ नका, उडीने दम झपाट्याने जातो. आणि सोबत दम भरणारं औषध ठेवा. ते घरी करता येतं: खलबत्ता विकत घ्या, त्यात पाव आणि सॉल्टराईस घाला, किंवा सॉल्टराईस आणि हॅकल-लो पान. या सगळ्यांचा पहिला गुणधर्म दम भरणं हाच आहे. मार्शमेरो आणि विकव्हीट एकत्र केले की आरोग्य भरणारं औषध होतं, आणि दोन्ही वनस्पती पेलागियाद गावाच्या खालच्या हिरव्या भागात वाटेवर मिळतात. अल्केमी १५ झाल्याशिवाय पदार्थाचा पहिला गुणधर्म दिसत नाही. वरच्या यादीत अल्केमी मायनरला ठेवलं आहे ते त्यासाठी.

दम फक्त लढाईतच लागतो असं नाही. मंत्र म्हणणं, कुलूप उघडणं, माणसाचं मन वळवणं, या सगळ्यात तोच आकडा आहे. दुकानात शिरण्याआधीही चार पावलं चालत जा. मंत्राचा हिशोब असा: स्किलची दुप्पट, अधिक विलपॉवरचा (इच्छाशक्तीचा) पाचवा भाग, अधिक नशिबाचा दहावा, वजा मंत्राची किंमत, आणि हे सगळं गुणिले दम. रिस्टोरेशन १५, विलपॉवर ३०, नशीब ४० असलेल्या माणसाने १० किंमतीचा मंत्र म्हटला तर भरल्या दमात तो शंभरात ३७ वेळा जमतो. ४० किंमतीचा मंत्र घेतला तर कधीच जमत नाही, आणि फसलेल्या मंत्रालाही जादू खर्च होते. दुकानात मंत्र घेताना आधी किंमत बघा, नाव नंतर.

पर्यायांमध्ये "ऑलवेज यूज बेस्ट अटॅक" चालू करा. नाहीतर उभं राहून, बाजूला सरकत आणि पुढे जात वेगवेगळा वार होतो, आणि लांब तलवार भोसकायला वापरली तर नुकसान फारच कमी होतं. माऊसचं बटण दाबून धरून मग सोडा. त्याने वार लागण्याची शक्यता वाढत नाही, पण लागला तर जोरात लागतो. टचपॅडवर हे होत नाही, साधा माऊस घ्याच.

एवढं करूनही त्रास झाला तर डिफिकल्टीची पट्टी खाली ओढा. त्यात कमीपणा नाही.

सेडा नीनमधला पहिला तास

सेडा नीन या गावी गेम सुरू होतो. जहाजातून उतरल्यावर कागदपत्रं होतात आणि सेलस ग्रेव्हियस ८७ सोन्याची नाणी आणि एक पाकीट देतो. अंगणातल्या पिंपात एक अंगठी आहे, ती घ्या. बाहेर पडताच फार्गोथ नावाचा बुटका भेटतो, अंगठी त्याचीच. ती परत दिली की तो आणि दुकानदार अरील दोघं खूश होतात, आणि खूश दुकानदार भाव बरा देतो.

अरीलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ह्रिसकार बसलेला असतो. तो फार्गोथच्या लपवलेल्या पैशांचा माग काढायला सांगतो. रात्री दीपस्तंभावर चढून नजर ठेवली की फार्गोथ दलदलीतल्या एका बुंध्यापाशी जाताना दिसतो. हे काम सगळे करतात, कारण गेम कसा चालतो ते यात नीट कळतं: कुठलीही खूण नाही, बाण नाही, थांबून बघावं लागतं. गावाबाहेर कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याचं प्रेतही सापडतं, त्याच्यापाशी २०० नाणी असतात. ती स्वतः ठेवायची की कचेरीत जमा करायची हे तुमच्यावर आहे.

या पैशांतून पहिली खरेदी चिलखताची करू नका. आधी आपल्या स्किलचं शस्त्र घ्या. अरीलकडे मनासारखी तलवार नसेल तर पुढच्या बाल्मोरा शहरापर्यंत थांबा. मग एक अल्मसिव्ही किंवा डिव्हाइन इंटरव्हेन्शनची गुंडाळी (वाचली की जवळच्या मंदिरात किंवा ठाण्यावर नेणारा मंत्र) घ्या. उरलेल्या पैशांत शिकवणी. स्किल कमी असताना शिकवणी स्वस्त असते, पुढे महाग होत जाते.

बाल्मोराला जाण्याआधी गावाभोवतीच्या दलदलीत चार प्रकारच्या अळंब्या गोळा करा: ल्युमिनस रसुला, व्हायोलेट कॉप्रिनस, बंगलर्स बेन, हायफा फेशिया. पहिल्या दोन जमिनीवर उगवतात, पुढच्या दोन झाडांच्या बुंध्यांवर फळीसारख्या चिकटलेल्या असतात. बाल्मोराच्या मेजेस गिल्डमधली (जादूगारांच्या संघटनेतली) अजिरा पहिल्या कामात नेमक्या याच मागते. आधीच खिशात असतील तर पुन्हा दलदलीत यावं लागत नाही. अनेक जण हे काम बाल्मोरात गेल्यावर घेतात आणि परत चालत येऊन वैतागतात.

रस्ता विचारत जायचं

नकाशावर बाण नसणं हा या गेमचा सगळ्यात मोठा गुण आहे, असं आमचं मत आहे. नवख्याला तोच दोष वाटतो. बाल्मोराहून आर्कंगथँड या जुन्या अवशेषांकडे जायचं काम घ्या. सूचना खुणांच्या भाषेत असते: गावाबाहेर पूर्वेला मूनमॉथचा किल्ला, त्याच्या पुढे फोयाडावरचा (लाव्हाने कोरलेल्या घळीवरचा) जुना पूल, पुलापलीकडे अवशेष. साताऱ्यात ठोसेघरला जाणाऱ्याला सांगतात ना, बोगद्यातून बाहेर पडा, सज्जनगडाचा फाटा सोडा आणि पुढे चला, तशीच ही भाषा आहे. अंतर सांगत नाहीत, खुणा सांगतात. एक खूण लागल्याशिवाय पुढची शोधायला जाऊ नका.

यासाठी वही लागते. गेमची जर्नल घडलेलं सगळं तारखेनुसार ओतत जाते. वीस कामं अंगावर घेतली की दोन आठवड्यांपूर्वीची सूचना शोधणं कठीण होतं. कामांप्रमाणे यादी बघण्याची सोय आहे, ती वापरा. तरीही प्रत्येक कामाची वाट एका ओळीत मराठीत लिहून ठेवा: कुणी सांगितलं, निघायचं कुठून, खुणा कोणत्या. संवाद बहुतेक लेखी आहेत, म्हणून इंग्रजी उच्चार समजण्याची अडचण येत नाही. मोबाईलवर शब्दकोश उघडा ठेवला तर बारावी झालेला कुणीही निवांत वाचू शकतो.

काही सूचना मुळातच ढिल्या आहेत, एक-दोन तर चुकीच्या दिशेच्या. दोन खुणा जुळल्या आणि तिसरी मिळेना, तर स्वतःला दोष देत बसू नका. जवळच्या गावात जा आणि त्याच विषयावर तीन-चार जणांना विचारा. गावकरी, विशेषतः स्काउट आणि भटके, आसपासच्या ठिकाणांची माहिती देतात.

आर्कंगथँडमध्ये दोन ठिकाणी हमखास खोळंबा होतो. दार हाताने उघडत नाही. बाहेरच्या उतारावर एका पाईपला कळ आहे, ती फिरवायची. आणि आत जी कोड्याची पेटी शोधायची ती संदुकीत नसून एका खोलीतल्या शेल्फवर असते. आकाराने लहान, रंग आजूबाजूच्या पितळी भांड्यांसारखाच. लोक अख्खे अवशेष दोनदा पालथे घालून ती सोडून येतात. प्रत्येक शेल्फजवळ थांबून खालच्या फळीपर्यंत नजर फिरवा.

चाल संथ आहे, मान्य

सुरुवातीला खरंच संथ आहे. त्यात ओझं वाढलं की वेग आणखी कमी होतो आणि धावताना दमही जास्त जातो. उचलण्याची मर्यादा ताकदीच्या पाचपट असते. निम्म्याच्या आत राहिलात तर फरक जाणवेल. सापडलेलं प्रत्येक लोखंडी चिलखत गोळा करायचा मोह आवरा.

मग वाहनं शिका. सेडा नीनहून सिल्ट स्ट्रायडर, म्हणजे तो उंच पायांचा प्रचंड किडा, बाल्मोरा, विव्हेक, सुरान आणि निसिसला जातो. किनाऱ्याच्या गावांना होड्या आहेत. मेजेस गिल्डमध्ये गाईड थोड्या पैशांत बाल्मोरा, काल्डेरा, आल्ड-रून, विव्हेक आणि साड्रिथ मोरा यांच्यात क्षणात पोचवतो. अल्मसिव्ही मंत्र जवळच्या ट्रायब्युनल मंदिरात नेतो, डिव्हाइन जवळच्या इम्पीरियल ठाण्यावर. मार्क मंत्राने एक जागा ठरवायची आणि रिकॉल मंत्राने तिथे परत यायचं. हे सगळं जोडलं की बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला दोन-तीन टप्पे पुरतात, आणि कुठून कुठे जोडायचं ते डोक्यात बसत जातं, तशी मजा वाढते.

काल्डेराच्या उत्तरेच्या रस्त्यावर पेमेनी नावाची बाई भेटते. तिला नार मॉकला पोचवलं की वेगाचे बूट मिळतात: वेग २०० ने वाढतो, पण डोळ्यांपुढे पूर्ण अंधार. बूट घालताना त्या क्षणी जादूपासूनचं संरक्षण १०० टक्के असेल तर अंधार लागतच नाही, आणि संरक्षण संपल्यावरही बूट काढेपर्यंत नीट दिसत राहतं. ब्रेटनला मुळात ५० टक्के असतं, रेडगार्डला पूर्ण १०० चा मंत्र किंवा औषध लागेल.

हमखास अडकवणाऱ्या जागा

भुतांना साध्या लोखंडाने काही होत नाही. पूर्वजांच्या थडग्यात शिरण्याआधी चांदीचं किंवा मंतरलेलं शस्त्र घ्या. हे ठाऊक नसलेले खेळाडू "गेममध्ये बग आहे" म्हणून सांगत फिरतात.

थडग्यातला ग्रेटर बोनवॉकर (चालतं प्रेत) तुमची ताकद खातो, आणि ती आपोआप परत येत नाही. ताकद घटली की उचलण्याची मर्यादा घटते, मर्यादा घटली की अंगावरचंच सामान जड होतं आणि पाय जागचे हलत नाहीत. थडग्याच्या तळाशी असे खिळून बसलेले लोक जुना सेव्ह उघडतात. त्याची गरज नाही. जड वस्तू खाली टाका, ताकद परत आणणारं औषध असेल तर प्या, नसेल तर इंटरव्हेन्शनची गुंडाळी वाचा आणि मंदिरातल्या वेदीवर थोडे पैसे देऊन गुण पूर्ववत करून घ्या. रोग लागला तरी वेदी हाच उपाय.

ट्रायब्युनल बसवलेलं असलं की पहिल्याच लेव्हलला झोपेत डार्क ब्रदरहुडचे मारेकरी येतात. ते नवख्याला सहज मारतात. मेले तर त्यांचं चिलखत विकून एवढा पैसा येतो की पैशांची अडचणच उरत नाही, आणि खेळाचा तोल जातो. हा हल्ला पुढे ढकलणारी छोटी मॉड मिळतात, त्यातलं एक सुरुवातीलाच बसवा. नसेल बसवायचं तर झोपण्याआधी सेव्ह करा.

गावात उघड्यावर झोपता येत नाही. सरायीत खोली घ्या, नाहीतर गिल्डचं सदस्यत्व घ्या, त्यांच्या खाटा फुकट असतात. फायटर्स गिल्डमध्ये बाल्मोराला सोटिल्डेकडून कोडबुक आणायचं काम येतं. चोरांच्या गिल्डमध्येही पुढे जायचं असेल तर हे काम पुरं करण्याआधी तिथे नाव नोंदवा, नाहीतर ते दार बंद होतं. टेलव्हानी या जादूगार घराण्याच्या बुरुजांना वर जायला जिने नसतात. हवेत उचलणारी दोन-तीन औषधं कायम जवळ ठेवा.

एफ ५ च्या झटपट सेव्हवर अवलंबून राहू नका. लाईट नेमकी सेव्ह होताना गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर ती फाइल गेलीच म्हणून समजा. दर अर्ध्या तासाने वेगळ्या नावाने सेव्ह करा. दुसरं कारण असं की इथे कुणालाही मारता येतं, कथेला लागणाऱ्या माणसालाही. तसं झालं की पडद्यावर सूचना येते. ती न वाचता एंटर दाबला तर पुढचे कित्येक तास वाया जातात.

ज्या तक्रारी खऱ्या आहेत

सगळ्या नाराजीचं खापर नवखेपणावर फोडणं बरोबर नाही. एकाच विषयावर पन्नास गावकरी शब्दन् शब्द तेच सांगतात. माणसं दिवसरात्र एकाच जागी उभी असतात. पंखवाले क्लिफ रेसर डोंगरात दर दोन मिनिटांनी अंगावर येतात आणि त्यांचा त्रास शेवटपर्यंत संपत नाही. त्यांना कमी करणारं मॉड घातलं तर काही बिघडत नाही. पैशांचा हिशोब तर काल्डेरातच मोडतो. तिथल्या घोराक मॅनॉरमधला क्रीपर ५००० नाणी बाळगतो आणि मालाची पूर्ण किंमत देतो. एकामागून एक बुद्धी वाढवणारी औषधं पिऊन त्याहून तगडी औषधं करण्याची युक्तीही सगळीकडे सांगतात. पहिल्या खेळात या दोन्हींपासून लांब राहा, कारण त्यानंतर कमवायला काही उरत नाही.

बदल्यात जे मिळतं ते पुढच्या गेममध्ये कमी होत गेलं. गुहेतली चांगली तलवार तिथे कुणीतरी हाताने ठेवलेली असते, तुमची लेव्हल बघून आलेली नसते. तिसऱ्या लेव्हलला भलत्या ठिकाणी शिरलात तर मरता, आणि पंधराव्या लेव्हलला तिथेच परत जाऊन हिशोब चुकता करता. हलालू, रेडोरान आणि टेलव्हानी या तीन घराण्यांपैकी एकाच घराण्यात जाता येतं, त्यामुळे एका खेळात सगळं बघून होत नाही. वर सांगितलेल्या रेडगार्डला रेडोरान जुळतं. त्यासाठी आल्ड-रूनला, महाकाय खेकड्याच्या कवचाखाली वसलेल्या भागात जा.

मॉड पहिल्या खेळात फारशी नकोत. फक्त चुका सुधारणारं "पॅच फॉर प्युरिस्ट्स" घाला, ते खेळाचे नियम बदलत नाही. मूळ बेटावरची मुख्य कथा झाली आणि आणखी हवं असेल, तर "टॅम्रिएल रिबिल्ट" हे मॉड समुद्रापलीकडची मुख्य भूमी जोडतं. ते मोफत आहे, ओपनएमडब्ल्यूवर चालतं आणि चालू सेव्हमध्येही घालता येतं. त्याचं डाउनलोड मात्र मोठं आहे, तेव्हा ते हॉटस्पॉटवर न करता मित्राकडच्या वायफायवर करा.